नव्वदावा दिवस

"स्लावा मुलीकडे जात नाही," असं स्वेतोझार कुंपणापलीकडून म्हणाला आणि तिथून सगळं सुरू झालं. हे वाक्य त्याने हळू म्हटलं असतं तर तिहोमिरने ते गिळलंही असतं. पण स्वेतोझारची सगळी उमर ट्रॅक्टरवर गेली, त्याला हळू बोलता येत नाही. सर्बियातल्या किकिंडा गावच्या त्या गल्लीत सात घरांनी ते ऐकलं आणि आठव्या घरातल्या बहिऱ्या आजीबाईंना संध्याकाळी कोणीतरी लिहून दाखवलं.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. तिहोमिरच्या घराण्याचा, म्हणजे वुकोसावल्येवांचा, संत पेतार, आणि त्याचा दिवस बारा जुलै. त्या दिवशी घरात मेणबत्ती लागते, वेणीची नक्षी घातलेला गोल पाव कापला जातो. त्याला म्हणायचं कोलाच. बाप थकला की तो आपल्या हाताने कोलाचचा चौथा हिस्सा मुलाला देतो आणि पुढच्या वर्षापासून ती मेणबत्ती मुलाच्या घरी लागते. अशी ती तिहोमिरच्या खापरपणजोबापासून चालत आली होती. तिहोमिरला मुलगा नव्हता. एकच मुलगी, नेवेना. ती नवऱ्याबरोबर, म्हणजे रेल्याबरोबर, व्हिएन्नात राहायची आणि नवऱ्याच्या घराण्याचा संत वेगळा होता.

"जाते की नाही ते बघू," तिहोमिर म्हणाला. "यंदाचा कोलाच मी व्हिएन्नात कापणार."

"मुलीकडे?"

"मुलीकडे!"

एवढं बोलून तो घरात गेला आणि दार जोरात लावलं. दार जुनं होतं, ते पुन्हा उघडलं. मग त्याने ते हळू लावलं. त्याने बोलण्यातली निम्मी ऐट गेली.

खरं तर ही कल्पना नेवेनाचीच होती. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, रेल्याचा संत जानेवारीत येतो, आपला जुलैत. दोघांची गाठसुद्धा पडत नाही, भांडतील कशाला? माझ्या घरात दोन मेणबत्त्या मावतात. तू ये आणि तुझ्या हातानं दे." त्या दिवशी तिहोमिर फोन ठेवून परसात गेला होता आणि टोमॅटोच्या रोपांशी उगीच बराच वेळ वाकून बसला होता. त्याला मरणाची भीती वाटत नसे. आपल्यामागे बारा जुलै हा नुसता बारा जुलै होऊन जाईल, याची मात्र वाटत असे.

तिहोमिर चौतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात होता. किकिंडाच्या आसपासची एकही जमीन अशी नव्हती की जिच्यावर त्याने साखळी टाकली नव्हती. दोन सख्खे भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले की तिहोमिरला बोलावत आणि तिहोमिरने खुंटी ठोकली की कुऱ्हाडी खाली जात. लोक त्याला आजही 'इंजिनियर' म्हणायचे. अशा माणसाला नव्वद दिवस मोजायला काय लागतं?

नियम सगळ्या गल्लीला पाठ होता, कारण प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे होतं. सरहद्दीपलीकडे, हंगेरीपासून व्हिएन्नापर्यंत सगळीकडे मिळून, मागच्या एकशेऐंशी दिवसांत एकूण नव्वदच दिवस राहायचं. आत शिरलास तो दिवस धरायचा, बाहेर पडलास तोही धरायचा. नव्वद संपले की घरी. आजी-आजोबा या हिशेबानं नातवंडं सांभाळायला पाळीपाळीने जात. तिहोमिरही नात झाली तेव्हा, जानेवारीत, आपली पाळी करून आला होता. आता प्रश्न एवढाच होता की त्याच्या नव्वदातले उरले किती.

हा प्रश्न त्याने स्वतःपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. पण दुकानात पाव आणायला गेला असता तोंडातून निघून गेला आणि मग सल्ल्यांना पूर आला. एक म्हणाला, दर दिवसामागे शंभर युरो खिशात दाखवावे लागतात आणि नोटा कोऱ्या लागतात. दुसरा म्हणाला, टाय लावून जा, टायवाल्याला विचारत नाहीत. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं की सकाळी नाक्यावर चिडकी माणसं असतात, जेवणानंतर जा. स्वेतोझार आयुष्यात एकदाही पलीकडे गेलेला नव्हता, त्यामुळे त्याची माहिती सर्वांत पक्की होती.

"आमंत्रणपत्र लागतं," तो म्हणाला. "नोटरीचा शिक्का मारलेलं."

"बापाला मुलीकडे जायला आमंत्रण?"

"कायदा बाप ओळखत नाही, इंजिनियर."

तिहोमिरला हे फारच लागलं. एक तर बापाला आमंत्रण, आणि तेही स्लावासाठी! स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. घराचं दार उघडं असतं, ज्याला आठवण आहे तो येतो. बोलावणं धाडणं म्हणजे 'तुझ्या लक्षात नसेल' असं माणसाच्या तोंडावर सांगणं. तिहोमिरच्या घरी एकदा एक अनोळखी टपालवाला येऊन तीन तास जेवून गेला होता आणि तो कोण, कुठला हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

नेवेना म्हणाली, "बाबा, तुला व्हिसाच लागत नाही, पत्राचं काय घेऊन बसलास?" पण तोवर गल्लीने तिहोमिरच्या मनात पत्र इतकं खोल पुरलं होतं की ते काढणं शक्य नव्हतं. तिने बिचारीने पत्र लिहून धाडलं. नोटरीने त्याकडे बघून सांगितलं की हे जर्मनमध्ये आहे, सर्बियनमध्ये भाषांतर हवं. भाषांतर करणारे गृहस्थ समुद्रावर गेले होते. ते उन्हात भाजून परत आले आणि एका आठवड्याने भाषांतर दिलं. मग कोणीतरी म्हणालं की नाक्यावर तर हंगेरियन माणसं बसतात, त्यांना सर्बियन कशाला? तेव्हा हंगेरियनही झालं. या सगळ्या प्रवासात 'संत पेतारच्या दिवसासाठी' याचं 'पेतार यांच्या समारंभासाठी' झालं. ते तिहोमिरच्या लक्षात आलं नाही. तो शिक्के मोजत होता. ते पाच होते.

आता उरली मोजणी. त्याने पासपोर्ट काढला. जानेवारीच्या पंधरा तारखेचा आत शिरल्याचा शिक्का स्वच्छ होता. बाहेर पडल्याच्या शिक्क्याच्या जागी मात्र एक हिरवाकाळा डाग होता. त्यालाही इतिहास होता. परतताना नेवेनाने तिकडचं भोपळ्याच्या बियांचं तेल आईसाठी दिलं होतं. किकिंडा म्हणजे भोपळ्यांचं गाव. इथं दर शरदात भोपळ्यांची जत्रा भरते, सर्वांत मोठ्या भोपळ्याला बक्षीस असतं. अशा गावी भोपळ्याचं तेल व्हिएन्नाहून आणायचं, हे तेलालाच सहन झालं नसावं. बाटली पिशवीत फुटली आणि नेमका तो शिक्का पिऊन गेली.

"केव्हा आलो मी परत?" हा प्रश्न त्याने बायकोला, देसांकाला, विचारायला हवा होता. ती दोन हातांवर, ओट्यापाशी मिरच्या भाजत होती. पण चौतीस वर्षं खुंट्या ठोकलेला माणूस असा सहजासहजी विचारत नसतो.

"मला विचार की," देसांका म्हणाली.

"पुरावा लागतो, देसांका. साक्षीदार नाही."

नेवेना फोनवर म्हणाली, "बाबा, तू एप्रिलात गेलास ना रे?" त्यावर तो म्हणाला, "तू बाळंतपणातून उठलेली, तुला दिवस-रात्र कळत नव्हती."

पुरावा स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. देसांका चर्चचं पंचांग टांगते आणि त्यावर पेन्सिलीने सगळं टिपते. कोंबडी कधी बसवली, मिरचीचं बी कधी पेरलं, तिहोमिर कधी आला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: 'तिहोमिर घरी. ३१ मार्च.' तिहोमिर खूश झाला. त्याने मोजणी खात्याचा जुना मोठा कागद टेबलावर पसरला, शाई काढली आणि जानेवारीपासून जुलैपर्यंत प्रत्येक दिवसाचा एक चौकोन आखला. प्रमाणसुद्धा कोपऱ्यात लिहिलं. परदेशातले दिवस लाल केले. शहात्तर झाले. उरले चौदा. खाली त्याने सही केली, हुद्दा लिहिला आणि पुढे कंसात 'निवृत्त' असं नाइलाजाने लिहिलं.

हा नकाशा त्याने कुंपणावर ठेवून स्वेतोझारला दाखवला. "अकराला जाणार, बाराला कोलाच कापणार, चोवीसला परत. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही."

स्वेतोझारने नकाशा उलटा धरून बराच वेळ बघितला. "कागद चांगला आहे," तो म्हणाला.

देसांका जाणार नव्हती. एक तर तिचा गुडघा, आणि दुसरं म्हणजे स्लावाच्या दिवशी घर बंद ठेवता येत नाही. लोक येणारच. तेव्हा ती इथलं दार उघडं ठेवणार आणि तिहोमिर तिकडचं उघडणार, असं ठरलं. दहा तारखेला तिने पहाटेपासून कणीक मळली. कोलाचवर तिने द्राक्षांचा घोस काढला, एक पक्षी काढला. मग मधोमध एक छोटा पाळणा काढला.

"पाळणा कुठं असतो कोलाचवर?" तिहोमिर म्हणाला.

"यंदा असतो," देसांका म्हणाली.

गाव्रा हा किकिंडाहून व्हिएन्नाला आठ माणसांची गाडी चालवायचा. माणसं, पार्सलं, आजारी मांजरं, सगळं दारातून दारात. अकरा तारखेच्या सकाळी तिहोमिर त्याच्या गाडीत बसला. टाय लावलेला, मांडीवर कोलाचची टोपली, पायाशी उकडलेल्या गोड गव्हांचा डबा, मेणबत्ती आणि सुरळी करून गुंडाळलेला नकाशा. आयत्या वेळी स्वेतोझार धावत आला आणि बाळाच्या लंगोटांचं एक मोठं पाकीट त्याने खिडकीतून आत कोंबलं.

"नातीसाठी," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला.

नाक्यावर रांग होती. कुत्रा घेतलेला एक शिपाई गाड्यांमधून फिरत होता. कुत्रा तिहोमिरच्या गाडीपाशी आला आणि लंगोटांच्या पाकिटासमोर मांडी घालून बसला. पाकीट उघडलं. आत तीन वीत लांब, मनगटाएवढा जाड, तिखट लाल कुलेन, म्हणजे डुकराच्या मांसाचं वाळवलेलं सॉसेज, निघाला. मांस पलीकडे नेता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते स्वेतोझारलाही ठाऊक होतं, म्हणूनच त्याने तो लंगोटांत गुंडाळला होता.

"हे आपलं?" शिपायाने विचारलं.

"माझ्या शेजाऱ्याचं," तिहोमिर मान ताठ ठेवून म्हणाला. "त्याला बोलवा आणि फाशी द्या."

कुलेन पिंपात गेला. गाडीतल्या दोन बायकांनी हळहळून उसासे टाकले. एक तर डोळे मिटून बसली. गाव्रा म्हणाला, "तिहोकाका, निदान वास तरी मागायचा." पण तिहोमिर डगमगला नाही. खरं काम पुढे होतं आणि त्याच्याकडे नकाशा होता.

खिडकीत एक तरुण बाई बसली होती. तिला सर्बियन चांगली येत होती. तिने पासपोर्ट घेतला, तेलाचा डाग बघितला, बोटाने चाचपला, बोटाचा वास घेतला.

"भोपळा?"

"भोपळा," तिहोमिर म्हणाला.

"कशासाठी चाललात?"

तिहोमिरने पाच शिक्क्यांचं पत्र पुढे सरकवलं. तिने ते वाचलं. "हे पेतार कोण?"

"संत पेतार. प्रेषित."

"इथं लिहिलंय पेतार यांचा समारंभ. त्यांचं वय किती?"

"दोन हजार वर्षं."

ती हसली नाही, पण तिच्या ओठांना त्रास झाला. मग ती संगणकाकडे वळली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. "साहेब, तुमचा एक दिवस उरलाय."

"चौदा," तिहोमिर म्हणाला आणि नकाशा उलगडला. तो खिडकीत मावेना. त्याने तो काचेवर बाहेरून दाबून धरला. मागच्या रांगेतले लोकही वाचायला लागले. बाईने उठून, जवळ येऊन, तो सगळा बघितला. प्रमाणसुद्धा वाचलं.

"फार सुंदर काढलाय," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. "पण तुम्ही बाहेर पडलात तेरा एप्रिलला. संगणकात आहे. एकोणनव्वद झालेत. आज आत आलात तर आजच बाहेर पडावं लागेल."

तिहोमिरने तिथेच, खिडकीसमोर, घरी फोन लावला. "देसांका! मी कधी आलो परत?"

"लिहिलंय की भिंतीवर."

"एकतीस मार्च!"

"हो. एकतीस मार्च."

"ही बाई म्हणते तेरा एप्रिल!"

"तेच ते," देसांका शांतपणे म्हणाली. "चर्चच्या पंचांगावर मी चर्चच्याच हिशेबानं लिहिणार ना? माझी आई तसंच लिहायची. मिरच्या तशाच उगवतात."

"ते तेरा दिवस मागे आहे!"

"ते आहे तिथंच आहे. बाकीचे पुढे पळाले."

"अगं, पण नियम—"

"तिहोमिर, तुझ्या मांडीवर पाव कुठल्या दिवसाचा आहे? त्यांचा संत पेतार केव्हाच होऊन गेला, एकोणतीस जूनला. आपला एकोणतीस जून उद्या आहे. पाव आपल्या हिशेबानं न्यायचा आणि दिवस त्यांच्या हिशेबानं मोजायचे, हे तुझं तुलाच कळायला हवं होतं. मी म्हटलं नव्हतं, मला विचार?"

फोन मोठ्या आवाजावर होता. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "वहिनी बरोबर बोलतात." तिहोमिरने फोन बंद केला.

खिडकीतली बाई आता जरा हळू बोलली. "दोन दिवस थांबा. तेरा तारखेनंतर तुमचे जानेवारीतले दिवस एकेक करून हिशेबातून गळायला लागतात. तेराला आलात तर पुढे तीन महिने राहा, मी स्वतः शिक्का मारीन."

"आणि बाराला?"

"बाराला आलात तर बाराला बाहेर."

"म्हणजे आज एक, उद्या एक, आणि परवा नव्वद?"

"नियम तसा आहे."

"बाई, संताला सांगू का, दोन दिवस पुढे सरक म्हणून?"

तिने पासपोर्ट शिक्का न मारता परत दिला. गाडीतल्या लोकांना उशीर होत होता. गाव्राने गव्हांचा डबा खाली उतरवून दिला आणि म्हणाला, "तिहोकाका, पाव तरी मी पोचवतो नेवेनाकडे." तिहोमिरने टोपली छातीशी धरली. हा पाव हातानेच द्यायचा असतो. गाडी पलीकडे गेली. तो टाय लावलेल्या अवस्थेत, दोन्ही हात भरलेले, काखेत नकाशा, असा मागे चालत आला. कुत्र्याने त्याला ओळखून शेपूट हलवली.

एका मालट्रकवाल्याने त्याला किकिंडाच्या फाट्यावर सोडलं. तिथून तो मुद्दाम मागच्या गल्लीने आला, पण व्हायचं ते झालं. स्वेतोझार कुंपणाशीच होता.

"चोवीस तारीख झाली?" तो म्हणाला.

तिहोमिर काखेतला नकाशा सावरत फाटकाकडे वळला.

"मी म्हटलं नव्हतं? मुलीकडे जात नाही. नकाशे काढलेस, पत्रं काढलीस. संतालाच जायचं नसेल तर तू काय करणार?"

आता इतकी वर्षं शेजारी राहिल्यावर स्वेतोझारला कळायला हवं होतं की कुठं थांबायचं. तिहोमिरने टोपली कुंपणाच्या खांबावर ठेवली.

"ऐक, स्वेतोझार. चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. एका वीतभर बांधासाठी माणसं कोर्टात म्हातारी झालेली बघितली. माझ्याकडे एक दिवस आहे. एक! तो मला कायद्याने दिलाय, संगणकात लिहिलाय, आणि तो मी सोडणार नाही. उद्या सकाळी पलीकडे जाईन, पाव कापीन, मुलीच्या हातात देईन आणि त्याच दिवशी परत येईन. पायी जावं लागलं तरी जाईन."

"पायी किती दिवस लागतील?" स्वेतोझार म्हणाला. मग त्याने टोपलीतल्या पावाकडे बघितलं. मधल्या पाळण्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "माझा कुलेन मिळाला का तिला?"

"पिंपाला मिळाला."

"पहाटे तीनला तयार राहा," तो म्हणाला. "माझी गाडी आहे. पासपोर्टही आहे, मुलाने काढायला लावला होता. माझे नव्वदच्या नव्वद कोरे पडलेत."

"तू कशाला येतोस?"

"स्लावा मुलीकडे जात नाही, हे डोळ्यांनी बघायला."

त्याची गाडी तिहोमिरच्या मुलीपेक्षा मोठी होती, वयाने. ती नव्वदच्या वर गेली की डॅशबोर्ड गुणगुणायला लागे, म्हणून स्वेतोझारने ती सगळा रस्ता ऐंशीवर ठेवली. मागून येणाऱ्या जर्मन गाड्यांना तो हाताने 'जा बाबा जा' असं करायचा. सकाळी सहाला खिडकीत तीच बाई होती. तिने एकच दिवस म्हणून बजावलं आणि शिक्का मारला. स्वेतोझारच्या कोऱ्या पासपोर्टमध्ये शिक्का मारताना तिने विचारलं, "पहिल्यांदाच?" तेव्हा तो ट्रॅक्टरवरच्या आवाजात "हो!" म्हणाला आणि शेजारच्या तीन रांगा दचकल्या.

पाऊण वाजता ते व्हिएन्नात, नेवेनाच्या चौथ्या मजल्यावर पोचले. नेवेनाने दार उघडलं. ती बापाच्या गळ्यात पडली आणि मग स्वेतोझारकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही?"

"मला आमंत्रण नव्हतं," स्वेतोझार दारातच अडून म्हणाला.

"स्लावाला कधी असतं?" नेवेना म्हणाली. स्वेतोझार पायपुसण्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ बूट पुसत राहिला.

टेबलावर पांढरी चादर होती. मेणबत्ती लावली. नेवेनाने आणि तिहोमिरने कोलाच दोघांच्या हातांत धरला, तीनदा फिरवला, त्यावर वाईन ओतली, पाळणा एकाच भागात राहील असे जपून चार भाग केले. नेवेनाचा नवरा रेल्या पोरीला कडेवर घेऊन उभा होता, छोटी दुन्या मेणबत्तीकडे बघून हात हलवत होती. तिहोमिरने पाळणा असलेला तुकडा नेवेनाच्या हातात दिला. तिथं काहीतरी म्हणायचं असतं. त्याच्या बापाने त्याला देताना म्हटलं होतं, त्याला ते शब्द पाठ होते. पण "घे," एवढंच तो म्हणाला.

मग सगळे बसले, आणि स्वेतोझारने जे मनात होतं ते बोलून टाकलं. "सगळं झालं, इंजिनियर. पण स्लावा म्हणजे पाव नव्हे. स्लावा म्हणजे दार. इथं चौथ्या मजल्यावर, परक्या गावात, कोण येणार दार वाजवायला?"

नेवेनाने सूप वाढलं. तिहोमिरने घड्याळ बघितलं. अडीचला निघायला हवं होतं. एक चमचा, दोन चमचे. त्याला वाटलं, देसांका तिकडे उघड्या दाराशी बसली असेल, गल्ली येत असेल, आणि इथं मी सात घरांची स्लावा एका टेबलावर आणून ठेवली.

तेवढ्यात घंटा वाजली.

दारात गाव्रा होता. त्याच्यामागे जिन्यात कालच्या गाडीतल्या दोन्ही बायका होत्या, आणि गाडीतलाच आणखी एक गृहस्थ, ज्याने काल रांगेत 'वहिनी बरोबर बोलतात' म्हटलं होतं. कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात वाईन.

"नेवेना, तुझ्याकडे पार्सलं पोचवतो म्हणून पत्ता ठाऊक होता," गाव्रा म्हणाला. "काल तिहोकाकांचा पाव परत जाताना बघितला. या बायका पुढे वाटभर त्याचंच बोलत होत्या. म्हटलं, पाव आला नसेल तर नसेल, स्लावा तर आहे." त्याने टेबलावरचा कापलेला कोलाच बघितला आणि टोपी काढली. "आला की!"

त्यांच्यामागून खालच्या मजल्यावरची एक ऑस्ट्रियन म्हातारी वर आली. जिन्यात एवढी गर्दी का, म्हणून तक्रार करायला. तिला कोणी काही समजावलं नाही. तिच्या हातात गोड गव्हांची वाटी आणि चमचा दिला. तिने खाल्ले, दुसरी वाटी मागितली आणि खुर्ची ओढून बसली.

नेवेना स्वयंपाकघरात जाऊन रडली. आणि स्वेतोझार उठला, ग्लास घेतला, आणि खालचा रस्ता थांबेल अशा आवाजात म्हणाला, "गेली! मुलीकडे गेली! मी साक्षीदार आहे!"

संध्याकाळी साडेआठला, अजून उजेड होता तेव्हा, ते नाक्यावर आले. त्या बाईची पाळी कदाचित लांबली असेल, ती तिथंच होती. तिने सकाळच्या शिक्क्याशेजारी दुसरा मारला. दोन्हींवर एकच तारीख.

"नव्वद पूर्ण," ती म्हणाली. "आजचा दिवस धरला, म्हणून आता परवापासून पुन्हा येऊ शकता. आणि पुढच्या वर्षी पेतार यांच्या समारंभाला यायचं असेल तर दिवस आधी विचारून घ्या. आणि ते आमंत्रणपत्र नवं करा, त्यातली चूक काढून."

तिहोमिरने खिशातून पाच शिक्क्यांचं पत्र काढलं, घडी घातली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं.

"हे ठेवा तुम्ही. काल-आजचं ठीक होतं, स्लावा माझी होती, मी यजमान होतो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी यजमान माझी मुलगी. मी पाहुणा म्हणून येणार. आणि बाई, आमच्यात स्लावाला पाहुण्याला कोणी बोलावत नाही."